आबांचा पाय आणि थोरांची पुस्तकं

थोरामोठ्यांची चरित्रं वाचून दाखवून मी आजवर एकाच जिवाचं भलं केलं आहे, आणि तो जीव म्हैस आहे.

मी महाडात एका शाळेत ग्रंथपाल होते. शाळेतली मुलं रहस्यकथा न्यायची, शिक्षक स्वयंपाकाची पुस्तकं न्यायचे (बायकोसाठी, असं सांगून), आणि चरित्रांचं कपाट मात्र वर्षानुवर्षं बंद असायचं. शेवटी ती सगळी चरित्रं मीच वाचली. एवढी वाचली, की निवृत्त होईपर्यंत मला एक वाईट सवय जडली होती. कुणी नुसतं "कंटाळा आला" म्हणालं तरी मी त्याला एखाद्या थोर माणसाचं उदाहरण द्यायची. आमच्या घरी पाहुणे कमी येतात, त्याचं कारण महाडची गर्दी नाही.

अशात बातमी आली, की आबा पडले. आबा म्हणजे माझे वडील. वय ब्याऐंशी. आमचं माहेर पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला डोंगरावरच्या वाडीत. भाऊ मुंबईला नोकरीला, म्हणून घरी आबा, वहिनी आणि एक म्हैस. आबा गोठ्यात शेणावरून घसरले. (भेटायला येणाऱ्यांना ते रानडुकराचं सांगत. पाहुण्यागणिक डुक्कर वाढत होतं.) मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता रोज थोडं थोडं चालायचं. चालला नाहीत तर सांधा आखडेल आणि मग कायमचं अंथरूण."

आबा घरी आले, पडवीतल्या खाटेवर आडवे झाले आणि पाय जमिनीला लावायचं नावच घेईनात. वहिनीनं सांगून पाहिलं, भावानं फोनवरून ओरडून पाहिलं. आबांचं एकच, "नाय टेकत." शेवटी वहिनीचा मला फोन आला.

"वन्स, तुम्ही या. तुमचं ऐकतील."

माझं आजवर कुणी ऐकलेलं नाही हे वहिनीला ठाऊक नसावं. पण मला आनंद झाला. मी पिशवीत अकरा चरित्रं भरली. हे, म्हणजे आमचे पती, दारातून म्हणाले, "वाचून दाखवून माणसं उठत असती, तर या घरातून मी कधीच उठून गेलो असतो." मी लक्ष दिलं नाही. थोर लोकांचीही सुरुवातीला चेष्टाच झाली होती.

पहिल्या दुपारी मी एका पंडितांचं चरित्र काढलं. सहा वर्षं आजारपणात काढली, तरी मोठा ग्रंथ लिहून पुरा केला. आबांनी डोळे मिटून ऐकलं.

"सहा वर्सं कुठं व्हता म्हणालीस?"

"अंथरुणावर, आबा."

"म्हंजे पडून लिवलान?"

"हो. पडून."

"मंग मलाच कशाला उठवतेस गो?"

निवड चुकली होती. दुसऱ्या दिवशी मी एक पाय गमावूनही उंच शिखर चढलेल्या गिर्यारोहकाला आणलं. हा तरी पडून राहिलेला नव्हता.

"त्याला एकच पाय सांभाळायचा व्हता," आबा म्हणाले. "मला दोन हायत. आणि वर जाऊन काय केलान?"

"झेंडा लावला."

"मंग?"

"मग उतरला."

"आपल्या शेजारच्या धाकूची बायको रोज डोंगर चढते नि मोळी घेऊन उतरते. झेंडा नाय लावत, म्हणून तिचं बुक नाय."

मी पुस्तक मिटलं. 

मी पुस्तकं सोडून संगीताकडे वळले. सुरांनी गात्रांत चैतन्य येतं असं एका गवयाच्या चरित्रात होतं. मोबाइलवर बासरी लावून खाटेशी ठेवली. आबा पाच मिनिटांत घोरायला लागले. एवढं घोरणं गेल्या महिन्यात झालं नव्हतं, असं वहिनी कौतुकानं म्हणाली.

फरक पडला तो पडवीच्या भिंतीपलीकडे. आबा गोठ्यात जायचे थांबल्यापासून म्हैस रुसली होती. धार काढायला बसलं की पान्हा सोडायची नाही. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि ती अचानक दूध द्यायला लागली. वहिनीनं लगेच धारेची वेळ माझ्या वाचनाला जोडून घेतली. मी आबांसाठी घसा कोरडा करत होते, आणि पलीकडे चरवी भरत होती. एके दिवशी वहिनी गोठ्यातूनच ओरडली, "वन्स, आज जरा म्हाताऱ्या माणसाचं घ्या. कालचा तरुणपणी मेला, धार अर्धी ऱ्हायली."

शेजारचे धाकूकाका चहाच्या वेळेला येऊन बसू लागले. आबांचे बालमित्र. ते मात्र जीव लावून ऐकायचे, मान डोलवायचे, कधी डोळे पुसायचे. मला वाटलं, निदान एक तरी श्रोता मिळाला. एका दानशूर माणसाचं चरित्र चाललं होतं. दारी आलेल्या अनोळखी माणसाला त्यानं घरातली सगळ्यात लाडकी वस्तू देऊन टाकली, असा प्रसंग होता. काका चहा अर्धा टाकून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी काकी अंगणात येऊन उभ्या राहिल्या. कमरेला पदर खोचलेला.

"सुनंदे, कोंबडा दिलान गो त्यानं!"

"कुणाला?"

"भांडीवाल्याला! शिमग्यासाठी वर्सभर राखलेला कोंबडा. भांडीवाला घेत नव्हता, तर त्याच्या पाटीत कोंबलान. आणि वर मला सांगतो, मोठी मान्सं असंच करतात. तुझं बुक बंद कर, नायतर उद्या मलाच देऊन टाकील."

खाटेवरून आबा म्हणाले, "भांडीवाला घेयाचा नाय." काकी तेव्हापासून आमच्याकडे विळा मागायलाही आल्या नाहीत.

आबांवर मात्र परिणाम व्हायला लागला होता. सगळे थोर लोक आजारपणातच थोर झाले, अशी त्यांची समजूत झाली. चहा आणला की ते लगेच घेत नसत, आधी थोडा वेळ दूर डोंगराकडे बघत. एकदा मला म्हणाले, "वही घे, मी सांगतो ते लिही." मी हरखून वही घेतली. पहिलं वाक्य होतं, "माझा जन्म झाला." दुसरं सुचेपर्यंत त्यांना झोप लागली.

हसत होते मी, पण आतून घाबरले होते. शिमगा आठवड्यावर आला होता आणि आबांनी तीन महिन्यांत एकदाही पाय टेकवला नव्हता. एका दुपारी मी स्वयंपाकघरातून बघितलं. आपल्याकडे कुणी बघत नाही असं समजून आबा खाटेच्या कडेला सरकले. उजवा पाय हळूहळू खाली आणला. अंगठा जमिनीपासून वीतभर असेल. मग त्यांनी खाटेची कड घट्ट धरली आणि पाय झटकन वर घेतला, चादरीखाली लपवला. हा हट्ट नव्हता. ही भीती होती. मी तिथंच चुलीपुढं उभी राहून रडले. माझ्या अकराच्या अकरा पुस्तकांत शेणावरून घसरायला घाबरणारा माणूस एकही नव्हता.

तरीही मी शेवटचं पान उलटलंच. (सवय वाईट!) एका चरित्राच्या शेवटी उपदेश होता, की संकल्प मनात ठेवू नये, चार माणसांत बोलून दाखवावा, म्हणजे तो पुरा करावाच लागतो. मी आबांना म्हटलं, "आबा, शिमग्याला दारी देवाची पालखी येईल तेव्हा गाऱ्हाणं तुम्हीच घालणार ना? त्यात पायाचा संकल्प बोला. सगळ्यांसमोर."

आबांनी मान माझ्याकडे वळवली. "चार मान्सांत बोलला की पुरा करावाच लागतो म्हंतेस?"

"करावाच लागतो."

"बरं," आबा म्हणाले. पहिल्यांदाच ते माझ्या एखाद्या पुस्तकाशी सहमत झाले होते. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढं सगळ्या घराच्या वतीनं घातलेलं मागणं. आमच्या वाडीत तो मान आमच्या घराकडे. एकजण मागतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्यामागं "व्हय म्हाराजा" म्हणतात. काय मागितलं ते कुणी ऐकत नाही. लहानपणापासून आमची जीभ आपोआप चालते. आणि एकदा का सगळ्यांनी "व्हय" म्हटलं, की ते देवाला दिलेलं वचन. त्यात नंतर फेरफार नाही.

शिमग्याला मुंबईचे सगळे आले. भाऊ आला. सकाळी ढोल वाजवत पालखी अंगणात आली. भावानं आणि मी आबांची खाट उचलून बाहेर आणली. देवापुढं आडवं पडून गाऱ्हाणं घालणारे आबा बघून मला भरून आलं. ढोल थांबला. मी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"वर्साप्रमाणं आज दारात आलास..."

"व्हय म्हाराजा!"

"पोरंबाळं, गुरंढोरं सुखी ठेव. मुंबैला हायत त्यांच्या नोकऱ्या सांभाळ..."

"व्हय म्हाराजा!" (हा जोरात आला. मुंबईकर बरेच होते.)

"माझ्या पायात बळ घाल..."

"व्हय म्हाराजा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"आणि माझा पाय टेकला, तर ही माझी म्हाडची लेक सुनंदा..."

"व्हय म्हाराजा!"

"तुझ्या पालखीमागनं साती वाड्या..."

"व्हय म्हाराजा!"

"अनवाणी, पायी फिरल!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज माझा होता. डोळे मिटून मी पुरणाला गूळ कमी पडला असेल का याचा विचार करत होते. डोळे उघडले तेव्हा अख्खी वाडी माझ्याकडे बघत होती.

"काय झालं?" मी वहिनीला विचारलं.

"वन्स, तुम्हीच पयल्या व्हय म्हणालात."

मला कळायला जरा वेळ लागला. आमच्या सात वाड्या सात टेकाडांवर आहेत. पालखी तीन दिवस फिरते. महाडात मी बाजारातून घरी यायला रिक्षा करते आणि माझे गुडघे जिन्याला घाबरतात.  आबांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं. आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ते हसले. दात नसलेलं, पोट हलवणारं, खरंखुरं हसू.

मग त्यांनी भावाचा खांदा धरला आणि उजवा पाय अंगणात टेकवला.

 यावेळी पाय मागं गेला नाही. डावाही आला. आबा उभे राहिले. ढोल पुन्हा सुरू झाला, बायका रडायला लागल्या, मीही रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं. निम्मं आनंदानं होतं. निम्मं सात वाड्यांसाठी.

"चपला काढ," आबा म्हणाले.

पहिल्या दिवशी दोन वाड्या झाल्या. फाल्गुनातला कातळ तव्यावर ठेवल्यागत तापतो. माझ्या पायात काटा मोडला, मग दुसरा मोडला, मग मी मोजायचं सोडून दिलं. ढोलवाले माझ्यासाठी चाल हळू करत होते. धाकूकाका मात्र भारावून माझ्यामागं चालत होते. (काकींनी त्यांच्या ओट्यावरून ओरडून सांगितलं, "ह्याच्या हातात काय दिऊ नका रे!") मागं वळून बघितलं, तर आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी काठी टेकून आबा उभे. मी चालते की नाही हे बघायला आले होते.

दुसऱ्या दिवशी चढावर एका मुंबईकरानं मोटरसायकल थांबवली. "मावशी, बसा मागे, कोण बघतंय?" मी एक पाय उचलला आणि वाटेच्या वळणावरून हाक आली, "सुनंदे!" आबा काठीनं वळणापर्यंत चालत आले होते. त्यांचा दुसऱ्या कुणावर विश्वास नव्हता. तिसऱ्या दिवशी मी शेवटच्या टेकाडावर बसत-उठत पोचले, तेव्हा आबा तिथं आधीच पारावर बसलेले. जवळच्या पायवाटेनं, वहिनीचा हात धरून, थांबत थांबत चढले होते. मी त्यांच्या शेजारी कोसळले. आबांनी माझे पाय मांडीवर घेतले आणि एकेक काटा काढत बसले.

"दुखतंय गो?"

"नाय," मी म्हटलं. खोटं होतं. पण तीन महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

महिन्याभरानं आबा महाडला डॉक्टरांकडे स्वतःच्या पायांनी गेले. डॉक्टर थक्क झाले. "आजोबा, कुठला व्यायाम केलात?"

"व्यायाम कसला," आबा म्हणाले, "लेकीवर लक्ष ठेवत व्हतो."

ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि शेवटी माझंही आयुष्य लोकांना प्रेरणा द्यायला लागलं. परवाच पलीकडच्या वाडीतून एका सूनबाईंचा फोन आला. सासऱ्यांची कंबर धरली आहे, महिना झाला, उठतच नाहीत, तुम्ही जरा येता का. मला भरून आलं. मी विचारलं, "कुठलं पुस्तक आणू?"

"पुस्तक नको हो," त्या म्हणाल्या. "फक्त चपला घालून येऊ नका."