हातकुऱ्हाडीचा खरा पत्ता

मिलिंदला ती अश्मयुगातली दगडी हातकुऱ्हाड इंद्रायणीच्या काठावर सापडली नव्हती. मीच ती तिथं ठेवली होती. हे परवापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. मिलिंद जाऊन महिना होत आला... ज्याला सांगायचं, तोच आता नाही.

मोशीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचे वडील कंपनीत, आमची शेती. पुढे तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवू लागला आणि रविवारी मला स्कूटरवर मागे बसवून नदीकाठी नेऊ लागला. खुरप्यानं तो दरड हलक्या हातानं तासायचा. वर काळी माती, खाली पिवळा गाळ, त्याखाली चुन्यानं घट्ट धरलेले गोटे. "नदीनं एकावर एक अंथरलंय बघ. हत्यार कुठल्या थरात होतं ते कळलं, की माणूस इथं कधी राहिला, तेव्हा नदी कशी होती, ते उलगडतं. थरातून उपटलं, की नुसता दगड."

"मग घरी ने, वहिनी मसाला वाटतील."

"वाटू दे. पण कुठनं उचललास तेवढं सांग, राव."

तेवढंच मी सांगितलं नाही. आमच्या मळ्यातली विहीर खोल करताना ती हातकुऱ्हाड गोट्यांच्या थरातून निघाली. जमिनीचा सौदा ठरत आला होता. संशोधक आले तर गिऱ्हाईक पळेल, ही धास्ती. पण त्याला दाखवल्यावाचून राहवेनाही. म्हणून दरडीतल्या तशाच थरात ती खोचली आणि रविवारी त्याला तिकडे वळवलं. तो तिच्याकडे बोट दाखवून ओरडला. "बापू, इथं बसून कुणीतरी हे घडवलंय रे!" मी नुसतं "व्हय" म्हणालो.

त्यानं त्यावर लेख लिहिला. मग वर्षानुवर्षं तीच दरड धुंडाळली. "घडवताना कपच्या उडतातच. एकही कशी मिळेना? माझंच काहीतरी चुकतंय..." मी थर्मासमधला चहा ओतत राहायचो.

सौदा झाला, इमारती उठल्या. विहिरीचा तुकडा पूररेषेत आला म्हणून मोकळा राहिला, आमच्याच नावावर. परवा मिलिंदची विद्यार्थिनी अश्विनी हिला तिथं नेलं आणि सगळं सांगितलं.  ती खुरपं घेऊन कोरड्या विहिरीत उतरली. थोड्या वेळानं खालून आवाज घुमला, "काका, कपच्या आहेत! भरपूर! थर शाबूत आहे, कुणी हात लावू नका!"

सरांचा लेख आपण दुरुस्त करू, काम इथूनच पुढं नेऊ, असं ती म्हणाली. वहिनींना मात्र मी अजून काही बोललेलो नाही. त्यांच्या घरातले इतके रविवार मी मिलिंदला चुकीच्या जागी घालवायला लावले. हे त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.