दुबईच्या घड्याळातले बाबा

आमच्या घराण्याची वेबसाइट दादाने दुबईत बसून काढली आणि हमाली माझ्या गळ्यात मारली. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्येच नाव, गाव, तारीख भरायची, म्हणजे फोटो कुठेही गेला तरी माहिती सोबत जाते. महाडात शाळा सांभाळून मी हे करत होते. दादाला काय, फोनवर हुकूम सोडायचा.

एका रविवारी दुपारी बाबांच्या शेवटच्या दिवसाचे फोटो निघाले. त्या दिवशी मी पोलादपूरला त्यांच्या उशाशी होते. नववीचे पेपर तपासायचे होते म्हणून चारच्या एसटीने परतले. निरोप उशिरा आला, फोन लागत नव्हता म्हणे. "तुझी गाडी हलली नि ते झोपेतच गेले गो, डोळा पण उघडला नाय," वहिनी म्हणाली होती. थांबले असते तरी काही उपयोग नव्हता, असं मनाला सांगत मी सहा वर्षं काढली.

मी एसटीत चढतानाचा दादाने काढलेला फोटो होता. फाइलमध्ये वेळ अडीचची. चारची गाडी अडीचला कशी? मग डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा दादाने सुट्टीवर येताना आणलेला, त्यातलं घड्याळ दुबईचंच, दीड तास मागे. त्या दिवसाचे सगळे फोटो एकदम दीड तास पुढे केले आणि वेबसाइट उघडली.

माझ्या एसटीच्या फोटोखाली बाबा आले. वेळ पाच वाजून दहा मिनिटं.

उशीला टेकून बसलेले, डोळे टक्क उघडे, नजर कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी. हा फोटो मी शंभरदा पाहिला होता, मी तिथे असतानाचाच समजून. आता अंगावर सर्रकन काटा आला. गेलेला माणूस तासाभराने उठून बसला होता. तीनदा बेरीज केली. मग उठून पुढचं दार लावून घेतलं, का ते विचारू नका.

भीती ओसरली तसा संताप आला. वहिनीला फोन लावला. "बाबा पाचला जिवंत होते?"

"सातपर्यंत होते," ती म्हणाली. "तू कुठं म्हणून सारखं विचारत होते."

"मग मला बोलावलं का नाही?"

"त्याच दिवशी जातील असं कुणाला वाटलं गो? त्यांना म्हटलं, ती आतल्या खोलीत झोपलीय. तर आम्हालाच दटावलं, हळू बोला, तिला उठवू नका. मग जाईपर्यंत ते स्वतः पण कुजबुजतच बोलले."