घडी मोडलेला शालू

"आडनाव काय वो तुह्यं?"

नवरीच्या आईने विचारलं तेव्हा शालू माझ्या अंगावर होता. वर्ध्याच्या बाजारातलं शेठचं साड्यांचं दुकान, मी तिथे कामाला. समुद्रपूरहून बस्ता बांधायला आलेली बडी मंडळी. गादीवर साडी उलगडून गिऱ्हाईकाचं समाधान होत नाही, म्हणून आम्ही मुली ती अंगावर लावून दाखवतो. नवरीला शालू आवडला होता. माझ्यावरून तिची नजर हटत नव्हती.

मी आडनाव सांगितलं.

शालूच्या काठावरून फिरणारा बाईंचा हात मागे गेला. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला, पण यांना अजून जुनी जातच दिसते. त्या शेठला म्हणाल्या, "याच्यातलाच दुसरा दाखवा. घडी न मोडलेला. पोरीले लग्नात नेसाचा हाय."

शेठ हसले. दुसरा नव्हता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला गोदामात नेऊन ते हळूच म्हणाले, "उतरव. नीट घडी घाल, नव्या डब्यात ठेव. तोच नवा म्हणून दुसऱ्या पोरीच्या हातून दाखवतो. तू बाहेर येऊ नको. गिऱ्हाईक खुश राह्यलं पाह्यजे."

हेच वाक्य रोज सकाळी शेठ आम्हाला ओळीत उभं करून म्हणायला लावतात. वर टाळ्या. मीही मनापासून म्हणायची. गल्ल्यामागे 'उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून माझाच फोटो. त्याचं मला केवढं कौतुक होतं. आता माझाच स्पर्श मीच पुसून द्यायचा.

शालू उतरवला नाही. तशीच बाहेर आले.

"दुसरा नाई. हाच एक हाय. माह्या अंगावरचा."

नवरीने मान खाली घातली. आई उठली, मागोमाग सगळी मंडळी उठली. बस्ता बांधलाच नाही. शेठ ओरडले नाहीत. माझा फोटो खिळ्यावरून काढून त्यांनी गल्ल्यावर पालथा ठेवला.

"उद्या येजो. बोलू."

त्या शांत आवाजाची भीती अजून गेलेली नाही. आई म्हणते, माफी माग, नोकरी जाईल. जाईल, मला माहीत आहे.

तरी उद्या जाणार. सगळ्या मुली ओळीत उभ्या असतील तेव्हाच जाणार. त्यांच्यासमोर विचारणार, मला गोदामात का लपवत होते. ते कारण शेठनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय मी दुकानाची पायरी उतरणार नाही.