विहिरीत न डोकावणारा माणूस

ती सकाळ आठवली की आजही माझे तळहात गार पडतात. नोकरीत मी दंगली पाहिल्या, प्रेतं उचलली, एकदा डोक्यात दगडही खाल्ला. पण कधी घाबरलात का असं कोणी विचारलं, तर ही केस मी पहिली सांगेन.

तेव्हा मी कराडच्या खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. कृष्णाकाठची उसाची गावं, आणि जवळपास प्रत्येक घरातलं एक माणूस फौजेत. तक्रारी यायच्या त्या बांधाच्या, ट्रॅक्टरच्या धडकेच्या, जत्रेतल्या मारामाऱ्यांच्या. माणसं तापट, पण आज भांडली तर उद्या एका पंगतीला बसणारी. मनात ठेवून काही करतील असं मला वाटत नव्हतं.

त्या रात्री एक निवृत्त सुभेदार ठाण्यात आले. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगं घरी आलं न्हाई."

मुलगा बारावी होऊन मेडिकलच्या प्रवेशासाठी थांबलेला. संध्याकाळी कागदपत्रांच्या झेरॉक्स काढायला वडापच्या जीपनं कराडला गेला होता. मूळ कागदांची फाईल त्याच्याच जवळ होती. फोन बंद. दुसऱ्या दिवशी पाच वाजेपर्यंत त्याला एका सरकारी मेडिकल कॉलेजात हजर व्हायचं होतं. प्रवेशाची ती शेवटची फेरी होती. माजी सैनिकांच्या मुलांसाठीची एकच जागा उरली होती आणि यादीत पहिला नंबर याचा होता. जातीनं हजर झाला तर डॉक्टर, नाही तर वर्ष गेलं.

मुलाला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती, म्हणून नुसती मिसिंग न घेता थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवला. आजूबाजूच्या ठाण्यांना बिनतारी संदेश दिला. मोबाईलचं शेवटचं लोकेशन मागवलं, तर टॉवरच्या हद्दीत निम्मा कृष्णाकाठ. खरं सांगायचं तर अपहरण हे मी कागदावर लिहिलं, मनात वेगळंच होतं. परीक्षा आणि प्रवेशाच्या दिवसांत पोरगं बेपत्ता झालं की पोलिसाच्या मनात आधी विहिरीचं पाणीच येतं. सुभेदारांच्याही मनात तेच असावं. ते म्हणाले, "साहेब, आमी त्याला कवा बोललो न्हाई. मार्कांवरनं तर कवाच न्हाई." मी न विचारताच म्हणाले.

उजाडताच विहिरी बघायला निघालो. अर्धं गाव बरोबर होतं. ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगतो, असं काम शत्रूवरही येऊ नये. उसातून वाट काढत विहिरीशी यायचं, कठड्याला हात टेकायचा आणि खाली बघायच्या आधी क्षणभर डोळे मिटायचे. मी मिटत होतो, माझे हवालदार मिटत होते. कोणी आधी खाली बघायला तयार नसायचं आणि बघितल्याशिवाय कोणाचा पायही निघायचा नाही. सुभेदारांना आम्ही मागं ठेवलं होतं, तरी ते प्रत्येक वेळी पुढं यायचे. पाणी रिकामं दिसलं की सगळे एकदम श्वास सोडत.

त्या गर्दीत शेजारच्या गावचा एक माजी जवान होता. आमच्या भागात निवृत्त जवानाला हुद्दा कोणताही असो, मेजरच म्हणतात. हा मेजर सुभेदारांच्याच पलटणीतला. त्याची मुलगी आणि हा मुलगा कराडला एकाच क्लासला होते. मेजर सगळ्यांच्या पुढं चालत होता, हाका मारत होता, सुभेदारांना धीर देत होता. "आवं सुभेदार, लय इचार करू नगा. घावंल पोरगं." इतका कामाचा माणूस, की मला त्याचं कौतुक वाटलं.

तिसऱ्या विहिरीशी माझ्या लक्षात आलं की हा खाली बघतच नाही. आम्ही कठड्याला खिळलेलो असायचो आणि तो वीस पावलं पुढं जाऊन पुढच्या वाटेची चौकशी करत असायचा. चौथ्या विहिरीत काहीतरी पांढरं तरंगत होतं. बायका रडायला लागल्या, सुभेदार मटकन खाली बसले. ती खताची गोणी निघाली. त्या सगळ्या वेळात मेजर बांधावर उभा राहून तंबाखू मळत होता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी आयुष्यभर घाबरलेले चोर पाहिले होते आणि भीती ओळखायचंच मला शिकवलं होतं. इथं उलटं होतं. जिथं सगळ्यांचं काळीज थरथरत होतं, तिथं एक माणूस निवांत होता. एक तर तो दगडाच्या काळजाचा होता, नाही तर त्या पाण्यात पोरगं नाही हे त्याला माहीत होतं.

एवढ्यावर कोणाला उचलता येत नाही. पण तासाभरात मला एक फोन आला. कराडमधला एक प्रवेश मार्गदर्शक बोलत होता. हा धंदा आता गावोगाव झाला आहे. मार्क सांगायचे, जात आणि कोटा सांगायचा, की हे गृहस्थ संगणकात बघून कुठे नंबर लागेल ते सांगतात. निकालापासून प्रवेशापर्यंत आईबाप देव पाण्यात घालून बसलेले असतात आणि त्या काळात यांचा शब्द ज्योतिषाच्या वरचा असतो. त्याचा आवाज कापत होता.

"साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. मोबाईलवर त्या पोराचा फोटो बघितला. त्याच्या मागचा नंबर कोणाचा हाय, ते जरा बघा."

"कोणाचा आहे?"

त्यानं मेजरच्या मुलीचं नाव सांगितलं. "चार दिवसांखाली तिचे वडील आलते. चान्स किती, म्हणाले. मी म्हणलं, तुमच्या पुढं एकच पोरगा हाय. तो आला न्हाई तर शंभर टक्के, आला तर शून्य. साहेब, मी फक्त चान्स सांगितला हो."

मेजरला मी चहाला म्हणून ठाण्यात आणलं. मुलगी कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, मामाबरोबर पहाटेच कॉलेजला गेली. "मागचा नंबर असला तरी हजर राहाय लागतं, साहेब." बरोबर होतं. आदल्या संध्याकाळी कुठं होता विचारलं, तर रानात पाण्याची मोटार बघायला गेलो होतो म्हणाला. तेही बरोबर असणार होतं. फौजी माणसाला आवाज चढवून काही मिळत नाही, त्यानं आपल्यापेक्षा मोठे आवाज ऐकलेले असतात. मी गोडीनं विचारलं, उलटसुलट विचारलं, सुभेदारांबरोबर पलटणीत खाल्लेल्या मिठाची आठवण करून दिली. तो हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर वारंवार जात होती. मला कळलं की त्याला फक्त पाच वाजायला हवे आहेत. पाच वाजले की तो पोराला सोडेल. हे मनाशी ठरलं आणि मला जरा हायसं वाटलं. पोरगं जिवंत आहे, कुठंतरी बंद आहे.

ते हायसं वाटणं फार टिकलं नाही.

बारा वाजून गेले असतील. परतीच्या पावसानं धरण काठोकाठ होतं. तहसीलची जीप भोंगा लावून ठाण्यावरून गेली. धरणाचे दरवाजे उचलले आहेत, नदीची पातळी झपाट्यानं वाढते आहे, नदीकाठच्या लोकांनी मोटारी आणि जनावरं हलवावीत. वर्षातून चारदा ऐकायची सवय असलेली घोषणा. मी तिकडे लक्षही दिलं नाही. माझं लक्ष मेजरच्या हातांकडे गेलं. मांडीवरच्या त्या स्थिर हातांनी आता खुर्चीची कड घट्ट धरली होती. ओठ पांढरे पडले होते. विहिरीवर आमच्या सगळ्यांच्या तोंडावर जे होतं, ते आता त्याच्या तोंडावर आलं.

तो उभा राहिला. "साहेब, जीप काढा."

"कुठं?"

"नदीला. माझ्या मोटारीच्या खोलीत हाय पोरगं. कुलूप लावलंय मी."

जीपमध्ये तो पुढं बसून सारखं बोलत होता. बाजारातून पोराला गाडीवर घेतलं, मोटार अडकलीय, जरा हात लाव म्हणून खोलीत नेलं. उजेडाला बॅटरी लावतो म्हणून त्याचा मोबाईल मागून घेतला आणि बाहेरून कडी घातली. आत भाकरी ठेवलीय, पाण्याची कळशी ठेवलीय. "मारायचं नव्हतं, साहेब. देवाशप्पत. पाचला सोडणार हुतो, मग मला जेल झाली तरी चालली असती." हेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि आमच्या ड्रायव्हरनं एकदा जीप थांबवून त्याच्याकडे असं बघितलं, की मला मध्ये पडावं लागलं.

जुनी खोली, काठाच्या अगदी पोटात बांधलेली. आम्ही पोचलो तेव्हा उसाच्या शेवटच्या सऱ्यांत पाणी शिरलं होतं. गढूळ, आवाज न करता वर चढणारं पाणी. मी हाक मारली, आतून उत्तर आलं नाही. दोर कमरेला बांधून माझा हवालदार आणि मेजर दोघं पुढं गेले. मेजरला सोडायचं नव्हतं, पण कुलपाची किल्ली त्याच्याकडे आणि पायाखालची वाटही त्यालाच माहीत. पाणी त्यांच्या छातीला लागलं. किल्ली लागेना. तेवढा वेळ मी काठावर उभा होतो आणि काही करू शकत नव्हतो. सुभेदारांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो. हे लिहितानाही मला बरं वाटत नाही.

दार उघडलं. पोरगं मोटारीच्या चौथऱ्यावर चढून पत्र्याला पाठ लावून बसलं होतं. ओरडून ओरडून घसा बसला होता. दोन्ही हातांनी फाईल डोक्यावर धरली होती. काठावर आणलं, घोंगडी गुंडाळली. मग माझ्याकडे बघून घोगऱ्या आवाजात म्हणालं, "किती वाजलं?"

एक वाजून गेला होता. नियमाप्रमाणे वैद्यकीय तपासणी, जबाब, पंचनामा, सगळं त्याच क्रमानं व्हायला हवं होतं. पोरगं कॉलेजला पोचवायचं, तर यातलं बरंचसं मागं ठेवावं लागणार होतं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी जाता जाता तपासलं, जाऊ द्या म्हणाले. सुभेदारांना तिथंच बोलावून घेतलं आणि एक अनुभवी कॉन्स्टेबल देऊन बापलेकांना मी ठाण्याच्या जीपमधून कॉलेजला रवाना केलं. पुढं कोर्टात बचाव पक्षाच्या वकिलानं यावरून मला उलटतपासणीत चांगलंच धारेवर धरलं. धरू दे म्हटलं.

पाचच्या आत कॉन्स्टेबलचा फोन आला. पोरगं हजर झालं, जागा त्याची. मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण कॉन्स्टेबल फोन ठेवीना.

"साहेब, ती मेजरची पोरगी हितं हाय. आमी आलो तवा तिचंच नाव पुकारणार हुते. ह्याला चिखलात भरलेला बघून पळत आली. म्हणाली, काय रं हे, पडलास काय? फाईल घेतली, एक एक कागद ओढणीनं पुसून दिला. तिला अजून ठाव न्हाई, साहेब. मी काय सांगू?"

"काही सांगू नकोस," मी म्हणालो. त्या दिवसात मला तिसऱ्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

मेजरला मी आत जाऊन विचारलं, पोरीचा तरी विचार केला होता का. तो लॉकअपच्या भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "गावात पाऊल टाकलं की इचारत्यात. पानपट्टीवर, देवळात, मयतीला गेलो तरी. मेजर, लागला का नंबर? पोरीनं घराबाहेर पडायचं सोडलं हुतं, साहेब. सीमेवर एवढं भ्या वाटलं न्हाई कवा." मी त्याच्यावर चिडलेला होतो आणि अजूनही आहे. पण तो खोटं बोलत नव्हता.

मुलगी संध्याकाळी थेट ठाण्यात आली. मामानं वाटेत सांगितलं असावं. रडली नाही. समोर बसून तिनं एकच विचारलं, "माझ्यासाठी केलं का त्यांनी?"

आयुष्यभर मी प्रश्न विचारले, त्या दिवशी उत्तर मला द्यायचं होतं. मी म्हणालो, "नाही बाळ. लोकांच्या भीतीनं केलं. तुझा काही संबंध नाही." तिला पटलं की नाही, कळलं नाही. वडिलांना न भेटताच ती गेली.

मेजरला शिक्षा झाली. या केसनं मला शिकवलं ते असं, की भीती कुठं आहे हे बघण्याइतकंच ती कुठं नाही हेही बघावं. तरुण अधिकाऱ्यांना मी हे सांगतो, ते वहीत लिहून घेतात. पण दुसरी गोष्ट त्यांना सांगायला जमत नाही, कारण ती पोलिसांपुरती नाही. त्या पोराला कोंडायला एकटा मेजर गेला, हे खरं. पण त्याला तिथपर्यंत ढकलत नेणाऱ्यांत पानपट्टीवरची सगळी भली माणसं होती. त्यांच्यावर कलम लागत नाही.

पुढच्या वर्षी त्या मुलीनं पुन्हा परीक्षा दिल्याचं कानावर आलं. अर्ज भरताना माजी सैनिकाच्या मुलीची सवलत तिनं मागितली नाही, असंही कोणीतरी म्हणालं. मग मध्यंतरी कराडला एका लग्नात ती अचानक समोर आली. तिनं मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. पानपट्टीवरचा तो प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला होता. तिलाही ते दिसलं असावं, कारण ती नजर खाली घालून साडीचा पदर नीट करू लागली.

मी म्हणालो, "जेवलीस का?"

तिनं वर बघितलं. "न्हाई अजून," ती म्हणाली. "चला की काका, बसू पंगतीला."