फुकटची वकीलबाई

वडगावच्या कोर्टात बायकांना वकील फुकट मिळतो, हे देउमायाला कळलं तेव्हा तिच्या मनात एकच आलं : ह्यात काहीतरी गोम आहे.

देउमाया मूळची नेपाळमधल्या दैलेखची. वडील लोणावळ्यात एका बंगल्यावर राखणदार होते. त्यांच्यामागे ती लहानपणीच इकडं आली. पुढं पवनानगरला जीप चालवणाऱ्या सुहासशी तिचं लग्न झालं. धरणाकाठच्या पर्यटकांच्या तंबूंवर ती स्वयंपाक करते. बोलते इतकं मावळी की नवखा माणूस फसतो. पण गावात बाहेरच्यांची चौकशी सुरू झाली आणि कुणीतरी तिचं नाव पोलिसांना सांगितलं. कुणी, ते कळलंच नाही. मग तिला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. शेजारची शालूबाई वाटीभर कालवण घेऊन आली, तरी वाटायचं, ही काय बघायला आली?

नेपाळच्या माणसाला भारतात राहायला व्हिसा लागत नाही, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सुहास घाबरून लोणावळ्यातल्या एका एजंटाकडे गेला. त्यानं देउमायाचं नेपाळच्या नागरिकतेचं कार्ड ठेवून घेतलं आणि जन्माचा दाखला हातात दिला. दाखल्यात तिचा जन्म आंदर मावळातल्या एका गावचा.

"आता वहिनी इथल्याच," एजंट हसून म्हणाला.

ते गाव तिनं कधी पाहिलंही नव्हतं. ते हसू मात्र तिच्या मनातून जाईना. शेवटी ती वडगावला गेली. सोबत सासू शकुबाई होती. कंडक्टरनं सुटे दिले तरी शकुबाई तीनदा उलटून बघणारी.

वकीलबाई ज्योत्स्ना तळेगावची, वयानं देउमायाहून लहान. तिनं विचारलं, "जन्म कुठला?"

"आंदर मावळातला."

"गावाला जायचं तर कुठं उतरायचं?"

देउमायानं सासूकडं पाहिलं. शकुबाई मध्ये पडली. "बाई, आदी तुमी सांगा. तुमाला ह्यात काय मिळतं?"

"सरकार देतं, मावशी. थोडं देतं आणि उशिरा देतं."

शकुबाईनं मान हलवली. असला पैसा तिच्या ओळखीचा होता. "माया, खरं सांगून टाक."

देउमायानं सगळं सांगितलं, एजंटाचा नंबरही दिला. ज्योत्स्ना दाखल्याकडं बघत राहिली. "हा कुठं दाखवलाय?"

"न्हाई."

"दाखवूही नका. तुम्हाला अडकवेल तो हाच. तुम्ही इतकी वर्षं उघड राहताय, नवरा भारतीय आहे. खरं सांगूनच नागरिकत्व मागता येतं."

एवढं बोलून तिनं फोन उचलला. आता पोलीस येणार, असं वाटून देउमाया दाराशी जाऊन उभी राहिली. पण ज्योत्स्नानं नंबर फिरवला होता एजंटाचा.

तो म्हणाला, कार्ड हरवलं. मग तिघी त्याच्या दुकानातच गेल्या.

"हरवलं असं लिहून द्या," ज्योत्स्ना म्हणाली. "तोच कागद मी पोलिसांत देते."

एजंटानं कपाट उघडलं. कार्ड वरच्याच खणात होतं. शकुबाईनं ते उजेडात धरून पुढून-मागून पाहिलं, मग सुनेला पाहायला लावलं. खोट्या दाखल्याची तक्रार ज्योत्स्नानं त्याच दिवशी नोंदवली.

नागरिकत्वाचा अर्ज गेला. चौकशीला हवालदार आला, त्यानं शेजारी विचारपूस केली. देउमाया दाराआड कान देऊन उभी होती.

"माझ्या बाळंतपणात रातध्याड हीच उशाशी होती," शालूबाई म्हणाली. "आनकी काय सांगू?"

देउमायाला बरं वाटलं. तरी मन म्हणालंच, ही असं का बोलली असंल?

पुढचं पाऊल जास्त जड गेलं. भारताची व्हायचं तर नेपाळचं नागरिकत्व सोडावं लागणार होतं. दैलेखला भावाला फोन केला, तेव्हा त्यानं तिला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तिकडं कुणी तुला फसवत तर नाही ना, दिदी?"

"विचारलंय मी सगळं," ती म्हणाली. फोन ठेवून ती धरणावर गेली आणि एकटीच रडली.

नागरिकत्वाचं प्रमाणपत्र यायला तीन पावसाळे गेले. आता बंगल्यांवरच्या नेपाळी बायका तिच्याकडं येतात. ती त्यांना वडगावला घेऊन जाते.

मागं एकीनं बसमध्ये विचारलं, "ती वकीलबाई खरंच आपली हाय का?"

"आपली-परकी मला न्हाई ठावं," देउमाया म्हणाली. "तू तिला समदं विचार. उत्तर पटलं, तरच सही कर."