कॉईलचाची आणि आखूड तार

विजेची शेगडी कुणाचीही असो, चाची आधी शेगडीकडे बघायचीच नाही. ती आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि विचारायची, "कापली का?" समोरचा म्हणायचा, नाही हो चाची, कशाला कापू. मग चाची शेगडीच्या पांढऱ्या ताटलीतून तुटकी कॉईल उचलायची, दुकानाच्या फळीवर ठोकलेल्या दोन खिळ्यांच्या मध्ये धरायची, वेटोळी मोजायची आणि मान न उचलता म्हणायची, "मग तिसरा हिस्सा उंदरानं खाल्ला व्हय?" आखाडा बाळापुरात खोटं बोलून पचणार नाही अशी एकच जागा मला माहीत होती, आणि ती बाजाराच्या मागच्या गल्लीत या बाईच्या पुढ्यात होती.

तिचं खरं नाव गावात कुणी घेत नसे. वडील विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे, त्यांच्या हाताखाली ती तार गुंडाळायला शिकली. मोटारीचं काम भावांकडे गेलं आणि शेगड्या, इस्त्र्या, पाणी तापवायचे रॉड हिच्याकडे राहिले. म्हणून सगळ्यांची ती कॉईलचाची. शाळा चौथीपर्यंत झालेली. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली, आणि काम चालू असेल तेव्हा गळ्यात प्लग. हो, प्लगच. जी वस्तू दुरुस्त करायची तिचा प्लग ती आधी गळ्यात अडकवायची, पुढाऱ्यानं हार घालावा तसा. कारण विचारलं तर म्हणायची, "हा माझ्या गळ्यात हाय तोवर कोनी भितीत खुपसू शकत न्हाई."

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती गुन्हेगार म्हणूनच. शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पाच महिने झाले होते. गॅसची टाकी अजून मिळाली नव्हती, म्हणून शेगडी. आमची गल्ली गावाच्या टोकाला, शेतातल्या मोटारींच्याच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर. हळदीला आणि केळीला पाणी सुरू झालं की दिवा पिवळा पडायचा, पंखा दमेकऱ्यासारखा फिरायचा आणि चहाला उकळी फुटेपर्यंत शाळेची घंटा व्हायची. शेजारणीनं उपाय सांगितला. कॉईल थोडी कापा, उरलेली ताणून बसवा, भराभर तापते. गल्लीत सगळ्यांनी हेच केलेलं. मी बी.एस्सी. झालेली बाई, तरी कापली! दोन दिवस चहा असा झटपट झाला की मी शेजारणीला पेढे द्यायच्या बेतात होते. तिसऱ्या दिवशी, रविवारी, साडेअकराला, रोजच्या ठरल्या वेळी, शेतातली लाईट गेली, सगळ्या मोटारी एकदम थांबल्या आणि गावाला व्होल्टेज पुरं आलं. कॉईल लाल झाली, मग पांढरी, आणि तडकली. घरातल्या फ्यूजला कुणीतरी जाड तार गुंडाळून ठेवलेली, तो जागचा हलला नाही. गेला तो खांबावरचा, आणि त्याच्याबरोबर अख्ख्या गल्लीची लाईट.

"कापली का?" चाचीनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं खिळ्यांवर कॉईल धरली. मग उंदीर निघाला. मग मी कुठं नोकरी करते, काय शिकवते हेही निघालं. चाचीनं चष्मा वर केला. "म्हंजी तुमी पोरांना हेच शिकवता?" आणि ती इतकी हसली की गळ्यातला प्लग हलायला लागला.

मला मात्र हसू येत नव्हतं. मी खरं सांगून टाकलं. माझा विषय रसायनशास्त्र. विजेची मला लहानपणापासून धास्ती, कुलरनं एकदा असा झटका दिला होता की आजही स्विच दाबताना मी दुसरा हात पाठीमागे घेते. दहावीचा विजेचा धडा मी फळ्यावर सूत्रं लिहून उरकला होता. मुलांना काही कळलं नाही, आणि हे हेडसरांना कळलं. त्यांनी बजावलं होतं, पुढच्या सोमवारी मी मागच्या बाकावर बसतो, धडा पुन्हा घ्या, प्रयोगासकट. जमलं तर ठीक, नाहीतर दहावी दुसऱ्याकडे आणि तुम्हाला पाचवीचा परिसर अभ्यास. मला दहावीच हवी होती. त्यासाठीच तर मी घर सोडून इतक्या लांब आले होते.

"सोमवार ना," चाची म्हणाली, "रोज शाळा सुटल्यावर येत जा. वही आणू नका."

वही आणू नका, हे तिचं शिकवणं. पहिल्या दिवशी तिनं मला बाजाराच्या तोंडाशी उभं केलं. त्या दिवशी आठवडी बाजार होता आणि समोरच्या अरुंद गल्लीतून माणसं दाटीवाटीनं सरकत होती. "मागून जो रेटा येऊन राहिला ना, ते व्होल्टेज. गल्ली जेवढी लांब अन् चिंचोळी, तेवढी अडचन. ते तुमचं रेझिस्टन्स. अन् पल्ल्याड निघेपर्यंत घामाघूम होतात, ते वॅट." मी म्हटलं, मग गल्ली आखूड केली तर? "अडचन कमी, मानसं भसाभस घुसतात. करंट वाढला. घामबी वाढला. तुमी कॉईल कापून तेच केलं. रेटा कमी होता तोवर खपलं. रेटा पुरा आला अन् चेंगराचेंगरी झाली." मी पदवीला तीन वर्षं जे पाठ केलं ते त्या बाजारात, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत, मला पहिल्यांदा दिसलं. आनंदानं मी तिथंच टाळी वाजवली. एका म्हाताऱ्यानं दचकून माझ्याकडे पाहिलं.

तिच्याकडे मीटर होता, पण तो पेटीत. ती कॉईलला एक बल्ब जोडून घ्यायची, आधी बल्ब मग कॉईल, एकाच रांगेत, आणि बल्ब किती उजळतो यावरून कॉईल किती अडवते ते सांगायची. मी चोरून मीटर लावून पाहिला. दोन-तीन ओहमचा फरक. "मीटरचा सेल उतरला असंल," चाची म्हणाली. एकदा मी हिशेब करून तिला ऐटीत सांगितलं, चाची, व्होल्टेज पाऊणपट झालं की शेगडीची ताकद जवळपास अर्ध्यावर येते, कारण वर्ग होतो. ती म्हणाली, "व्हय, म्हनून तर लोक कापतात. त्यांना अर्धी भाकर पुरत न्हाई." मग तार गुंडाळता गुंडाळता, "कापनारा येडा नसतो बाई. घाईत असतो." तेव्हापासून मी कापणाऱ्यांना हसायचं सोडलं. तशी त्यांच्यातलीच एक होते म्हणा.

सगळं समजलं, पण हात काही धजेना. चालू शेगडीजवळ गेलं की एक हात आपोआप पाठीमागे जायचा. शनिवारी मी रडकुंडीला येऊन म्हणाले, चाची, तुम्हीच या वर्गावर आणि तुम्हीच शिकवा.

"मी काहून? पोरं म्हनतील, मॅडमला येत न्हाई. तुमीच शिकवा. फ्यूज मी बांधून देते. अन् वर्गाच्या खिडकीबाहेर बटनाचा बोर्ड हाय ना, तिथं मी उभी राहते, बटनावर हात ठेवून. जरा काही तकलीफ झाली की बटन पाडते. फकस्त साडेअकराच्या आत उरका. शाळाबी त्याच डीपीवर हाय, मोटारी बंद पडल्या की रेटा येतो."

सोमवारी हेडसर मागच्या बाकावर, टेबलावर दोन शेगड्या, एक पूर्ण कॉईलची, एक तिसरा हिस्सा कापलेली. माझ्या गळ्यात दोन प्लग. पोरं फिदीफिदी हसली. मी खिडकीकडे पाहिलं. चाची उभी होती, डोक्यावर पदर, उजवा हात बोर्डावर, आणि नजर माझ्यावर. मी गळ्यातले प्लग काढले, खुपसले आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटनं दाबली. दुसरा हात पाठीमागे गेलाच नाही.

गल्ली, रेटा, घाम, सगळं सांगितलं. पोरांनी आधी पैजा लावल्या, मग कापलेली कॉईल जास्त लाल झालेली पाहून ओरडली. मी आवरतं घेणार तेवढ्यात हेडसरांनीच हात वर केला. "मॅडम, मग कापलेलीच बरी की! सगळ्यांनी कापावी." मी समजावत राहिले आणि घड्याळाकडे बघायचं विसरले. वरचा पंखा एकदम गरागरा फिरायला लागला. कापलेली कॉईल भगभगीत झाली. पुढचा बाक मागे सरकला, आणि पट्कन आवाज होऊन दोन्ही शेगड्या विझल्या. वर्गानं टाळ्यांचा पाऊस पाडला. मी खिडकीकडे पाहून हात जोडले. चाचीनं वेळेवर बटन पाडलं होतं. शेजारच्या कार्यालयात मात्र कारकून पंखा बंद पडला म्हणून ओरडत होते.

दहावी माझ्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी चाचीच्या दुकानावरून जाताना मला ओळखीचा आवाज ऐकू आला. "नाही हो चाची, कशाला कापू." हेडसर होते.

पुढे सहा वर्षं प्रत्येक दहावीच्या वर्गाला हा प्रयोग झाला, आणि प्रत्येक वेळी चाची खिडकीशी. मग माझी बदली सेनगावला झाली. तोवर घरोघरी गॅस आणि इंडक्शन आले होते, चाचीचं काम निम्म्यावर आलं होतं. तिला त्याचं दुःख नव्हतं. इंडक्शन उलटंपालटं करून म्हणायची, "यात कापायलाच काही न्हाई. लोकांनी करावं काय?" निघायच्या दिवशी ती एसटी स्टँडवर आली. जुन्या सायकलच्या चाकाच्या तारेवर स्वतः गुंडाळलेली एक पूर्ण कॉईल तिनं माझ्या पिशवीत ठेवली. मला रडू आलं. मी म्हटलं, चाची, तुमचा हात त्या बटनावर नसता तर मी पाचवीला परिसर शिकवत बसले असते.

"ते बटन?" चाचीनं पदर तोंडाला लावला, तिला हसू आवरत नव्हतं. "ते तर हापिसाच्या पंख्याचं व्हतं. तुमच्या वर्गाचं कोनतं, मला आजबी ठाऊक न्हाई."

"मग शेगड्या विझल्या त्या?"

"फ्यूजनं. मी बांधलेला ना तो. हातापेक्षा चपळ असतो." गाडी हलली तशी ती दाराबरोबर चार पावलं चालली. "पन लेकरा, फ्यूज खिडकीतून दिसत न्हाई. हात दिसतो."

यंदा सेनगावच्या आमच्या शाळेत नवीन मॅडम आल्या आहेत. विजेला माझ्यासारख्याच भितात. परवा त्यांनी पहिल्यांदा प्रयोग केला, गळ्यात दोन प्लग घालून. मी खिडकीबाहेर बोर्डावर हात ठेवून तास संपेपर्यंत उभी होते. ते बटन कशाचं आहे, हे मी कुणाला विचारलेलं नाही.