ब्लडी गुड पोहे

कांदिवलीला आईबरोबर मुलगी बघायला गेलो आणि तिच्या वडिलांसमोर पोह्यांना ‘ब्लडी गुड’ म्हणालो. वडील इंग्रजीचे मास्तर होते.

आज नात फोनवर याहून तिखट इंग्रजी बोलते, कुणी मानही वर करत नाही. पण पोह्यांवरच्या ओल्या खोबऱ्याचा वास आला की माझे कान अजून तापतात.

ऐंशीच्या दशकात आमच्या ऑफिसातला गोराईचा पीटर प्रत्येक कौतुकाला ‘ब्लडी’ लावायचा. त्या शब्दानं इंग्रजीला वजन येतं, असं मला वाटे. मुलगी तर मनात भरलेली. वजन हवंच होतं.

मास्तरांचा चमचा बशीतच थांबला. मी घाईनं सावरायला गेलो, “म्हणजे... डॅम गुड!”

माझी आई, इंग्रजी न कळणारी, अभिमानानं हसली.

मुलीनं प्रथमच मान वर केली. “बाबा, यांना मराठीत बोलायला सांगा ना. तेवढं तरी जमतंय का बघू.”